आमच्या वेबसाईटवर नसलेलं पान

आधीच सांगते, मला हे लिहायचं नव्हतं. या सदरातले अनुभव मी वाचते, नाही असं नाही... दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर वाचते आणि वाचून झाले की हसते. आमच्या घरात भूत, देवचार, राखण, कौल यातलं काहीच नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून नाही. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. बावीस प्रतिज्ञा आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या होत्या. वाडीतलं कुणी "तिन्हीसांजेला त्या वडाखालून जाऊ नको गो" म्हणालं, की बाबा मुद्दाम आम्हाला त्याच वडाखालून शाळेत न्यायचे.

तेव्हा मी इथे कुणाला घाबरवायला आलेली नाही. मी चिडलेली आहे. कुणावर ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल, आणि नाही कळलं तरी चालेल, कारण मलाच अर्धं कळलेलं नाही.

रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या अलीकडे आमचं दुकान आहे. पेशंटला घरी लागणारं सामान आम्ही भाड्याने देतो. हाताने वर-खाली करायचा पलंग, हवेची गादी, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची आणि ऑक्सिजनची मशीन. वीज लावली की खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून देणारी, चाकांवरची. दुकान माझ्या मोठ्या भावाने काढलं, मिलिंदने. आम्ही त्याला दादाच म्हणायचो, सगळं गाव म्हणायचं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात साधा पलंग मिळवायला त्याला कोल्हापूरपर्यंत जावं लागलं होतं. त्यानंतर त्याने नोकरी सोडली आणि हे सुरू केलं. पहिली काही वर्षं ओळखीवर चाललं. हॉस्पिटलमधली नर्स सांगायची, रिक्षावाला आणून सोडायचा.

पण दादाच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. तो म्हणायचा, "सुजा, आपलं गिऱ्हाईक इथे नाहीच. म्हातारी माणसं गावात आणि मुलं मुंबईला. आईला दम लागला की शोधणारा विरारला बसून मोबाईलवर शोधतो. त्याला आपण दिसलो पाहिजे."

म्हणून वेबसाईट. पुण्यातल्या एका कंपनीला काम दिलं. अमेय म्हणून एक जण फोनवर बोलायचा. खूप गोड. दर वाक्यात मॅडम. दादाला सगळं मराठीत हवं होतं. लाईट गेली तर काय करायचं, नळी कुठे लावायची, पेशंटला कसं बसवायचं, सगळं त्याला त्यावर लिहायचं होतं. अमेय म्हणाला, एवढा मजकूर कोण वाचत नाही, लुक खराब होतो. मग चार पानं झाली, सगळी इंग्रजीत. "आम्ही आघाडीचे पुरवठादार आहोत" छापाची वाक्यं आणि वर एका गोऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचा हसरा फोटो. आमच्याकडे पलंग नेणारं असं कोणी मी आजवर बघितलेलं नाही. दादाचा एकच फोटो, "अबाऊट अस" या पानावर, निळ्या शर्टातला.

साईट चालू झाली आणि थोड्याच दिवसांत दादा गेला. हार्ट अ‍ॅटॅक. दुकानातच, खुर्चीत. जवळ सगळी मशीनं होती आणि काही उपयोग झाला नाही. त्याबद्दल मी अजून काही लिहिणार नाही.

दुकान माझ्या अंगावर आलं. वहिनी हिशेब बघते, मी बाकीचं. व्हॅनही मीच चालवते. आणि वेबसाईटवरून एकही फोन येईना. एकही! मी अमेयला विचारायची, तो म्हणायचा, "मॅडम, एसईओला वेळ लागतो. गुगलचं ऑर्गॅनिक असतं, घाई करून चालत नाही." मी आमच्या दुकानाचं नाव टाकून शोधलं तरी आम्ही येत नव्हतो. ते सांगितलं तर म्हणाला, "तुम्ही साईटचा पूर्ण अ‍ॅड्रेस टाईप करा ना मॅडम." टाईप केला. साईट उघडली. "बघा, दिसतंय ना?" दिसतंय! स्वतःच्या घराची किल्ली खिशात असली की घर सापडतंच, त्यात काय विशेष? पण मला यातलं कळत नव्हतं. मला वाटलं, असेल बाबा, वेळ लागत असेल. मधूनमधून तो मोठं पॅकेज घ्या म्हणून मागे लागायचा.

मग एक दिवस सचिन आला.

संगमेश्वरच्या आतल्या एका गावचा, नोकरीला नालासोपाऱ्याला. आई घसरून पडली म्हणून वॉकर न्यायला आला होता. कुणीतरी स्टँडवर आमचं नाव सांगितलं. मी वॉकरची उंची लावून देत होते आणि तो भिंतीकडे बघत उभा होता. भिंतीला ऑक्सिजनची मशीनं ओळीने लावलेली असतात.

"ही तुमचीच?" त्याने विचारलं.

"हो. भाड्याने देतो."

"कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं. का हो?"

तो वॉकरला हात लावून उभा. मग म्हणाला, "माझे बाबा गेल्या महिन्यात गेले. ऑक्सिजन लागणार होता. मी ऑफिसातून सगळीकडे शोधलं. रत्नागिरी टाकलं, संगमेश्वर टाकलं, देवरूख टाकलं. मराठीत टाकलं, इंग्लिशमध्ये टाकलं. शेवटी कोल्हापूरचं एक दुकान आलं. ते बिचारे लगेच निघाले. मशीन आंबा घाटात होतं तेव्हा बाबा गेले."

मी "पाणी देऊ का" असलं काहीतरी बोलले.

आणि तो ओरडला. दुकानाबाहेरची माणसं वळून बघायला लागली. "तुम्ही एवढ्या जवळ होतात! एवढ्या जवळ! मग गुगलवर का नाही तुम्ही? दुकान कशाला मांडलंय, लपवून ठेवायला?"

वॉकर घेऊन गेला. मागे वळून बघितलंही नाही. मी हातातला पाना बाकड्यावर आपटला, तो उडून काचेच्या कपाटाला लागला. कपाट अजून तसंच तडकलेलं आहे. मी बदललेलं नाही.

रविवारी सकाळी मी नसरीनच्या घरी जाऊन बसले. नसरीन माझी कॉलेजची मैत्रीण, ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिला म्हटलं, मला फक्त एवढं सांग, आम्ही का दिसत नाही.

तिने आमच्या साईटचा पत्ता टाकला, त्यापुढे काहीतरी जोडलं आणि एंटर मारलं. पांढऱ्या पानावर दोन ओळी उमटल्या. तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

"काय गं?"

"सुजा... हे दार आहे," ती म्हणाली. "गुगलचे प्रोग्रॅम सारखे एका साईटवरून दुसऱ्या साईटवर फिरत असतात, पानं वाचत असतात. त्यालाच क्रॉल करणं म्हणतात. त्यांनी वाचलं तरच तू शोधात येणार. आणि आत शिरण्याआधी ते दारावरची ही छोटी फाईल वाचतात. कुणी कुठे यायचं आणि कुठे नाही, ते यात लिहिलेलं असतं."

"मग आमच्या फाईलीत काय आहे?"

"सगळ्यांना सगळीकडे मनाई. साईट बनवताना असं कुलूप लावतात, अर्धवट काम बाहेर दिसू नये म्हणून. काम झालं की काढतात. यांनी काढलंच नाही."

"म्हणजे गुगलने आमची साईट..."

"कधी वाचलेलीच नाही. एकदाही नाही. तू हजार वर्षं थांबली असतीस तरी दिसली नसतीस."

कुलूप काढायला काय लागतं, मी विचारलं. नसरीनने मान खाली घातली आणि म्हणाली, "एक तिरकी रेघ खोडायची."

एक रेघ! त्या रेघेपलीकडे आम्ही होतो, आमची मशीनं होती, आणि अलीकडे तो सचिन ऑफिसातल्या खुर्चीत बसून तिन्ही गावांची नावं टाकत होता. मी तिथूनच अमेयला फोन लावला. काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. नसरीनची सासू आतल्या खोलीतून बाहेर येऊन बघून गेली. अमेय शांतपणे म्हणाला, "मॅडम, आज संडे आहे. टीमला सांगतो. सॉरी फॉर द इन्कन्व्हीनियन्स." साईटचा पासवर्ड त्यांच्याकडे, त्यामुळे आम्ही स्वतः काही करू शकत नव्हतो. सोमवार गेला. मंगळवारी त्याने फोन उचलला नाही. मी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ती फाईल उघडून बघायची. कुलूप तसंच. रोज तसंच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

त्याच आठवड्यातली गोष्ट. भर दुपार, बाहेर लखलखीत ऊन, रस्त्यावर गाड्या चाललेल्या. मी नुकताच डबा खाल्ला होता. डबा धुऊन आले आणि पुन्हा एकदा ती फाईल उघडली, कारण मला आता तो चाळाच लागला होता. दोन ओळी, मनाई, जैसे थे. मी शिवी घालून लॅपटॉप मिटला आणि फोन वाजला.

बाईचा आवाज. धापा टाकल्यासारखा. "मी मनीषा बोलतेय, ठाण्याहून. माझी आई राजापूरच्या पुढे गावात असते. तिला घरी ऑक्सिजन लावायला सांगितलाय. ओळखीच्यांचं मशीन होतं, ते आत्ता बंद पडलं. तुमची वेबसाईट बघून फोन करतेय."

मी ताठ झाले. "कुठे बघितली वेबसाईट?"

"गुगलवर. पहिलीच आली."

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, हा अमेयच कुणाकडून तरी फोन करवतोय, बघा साईट चालते म्हणून दाखवायला. मी फटकन म्हणाले, "बाई, आमची साईट गुगलवर दिसत नाही. खरं सांगा, नंबर कुणी दिला?"

"अहो ताई, समोर उघडीय माझ्या!" ती रडकुंडीला आली. तिने पत्ता अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. आमचाच. "त्यात लिहिलंय तसं मी शेजारच्या काकूंना फोनवर सांगितलंसुद्धा. त्यांनी आईला बसवलंय. पुढ्यात स्टूल ठेवून त्यावर उशी, आणि तिला पुढे वाकून टेकायला लावलंय. जरा बरं वाटतंय तिला."

"काय लिहिलंय? वाचा बरं."

तिने वाचलं. "पेशंटला आधी बसता करा. आडवा ठेवलात तर तो घाबरतो, आणि तो घाबरला की घर घाबरतं."

बसता करा.

मराठीत असं कोण म्हणतं सांगा मला. बसवा म्हणतात, उठवून बसवा म्हणतात. 'बसता करा' हे फक्त दादा म्हणायचा. मशीन पोचवायला गेलो की दारातूनच, चप्पल काढायच्या आधी. घरातली माणसं गोंधळून बघायची, मग मी भाषांतर करायची.

वेबसाईटवर हे नव्हतं. मराठीत एक ओळ नव्हती. अमेयने लिहूच दिली नव्हती.

पण ठाण्यात एक बाई फोन धरून होती आणि राजापुराजवळ तिची आई स्टुलावर वाकून श्वास घेत होती. मी डॉक्टरांची चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली, गावचा पत्ता घेतला आणि म्हटलं, मी स्वतः मशीन घेऊन निघते.

"लवकर निघा हां ताई," ती म्हणाली. "आणि ते लाल पट्टीवालं तेवढं नका देऊ."

"कुठलं?"

"तुमच्या साईटवरच लिहिलंय की. लाल पट्टीचं मशीन नेऊ नका, हवा येते पण ऑक्सिजन येत नाही. खाली शेवटी लिहिलंय."

मी मागे वळून बघितलं. लाल पट्टीचं मशीन दाराशीच होतं. एका पेशंटकडून त्याच दिवशी सकाळी परत आलेलं. आमच्याकडचं सगळ्यात नवं. नवं आहे हे पटकन ओळखू यावं म्हणून त्याच्या हँडलला मीच लाल चिकटपट्टी गुंडाळली होती. ते मशीन दादा गेल्यानंतर घेतलेलं. दादाने ते कधी बघितलेलंही नाही. आणि खरं सांगते, घाईत मी तेच उचललं असतं. सगळ्यात भरवशाचं म्हणून लांबच्या गावाला मी तेच देते.

मी ते चालू केलं. नेहमीसारखा आवाज, हिरवा दिवा, नळीतून हवा फुसफुसतेय. मग मोजायचं यंत्र लावलं. ऑक्सिजन किती येतोय ते त्यावर आकड्यात दिसतं. आकडा वर चढेचना. खोलीतल्या हवेत असतो त्याहून जेमतेम थोडा जास्त. बिघाड झाला की पिवळा दिवा लागायला हवा, तोही लागला नव्हता. ते मशीन त्या म्हातारीच्या नाकाला लावलं असतं तर सगळे निर्धास्त झाले असते... दिवा हिरवा आहे ना! आणि मी परतीच्या वाटेवर तासभर लांब गेलेली असते.

मी दुसरं मशीन मोजून घेतलं, जोडीला एक सिलिंडर टाकला आणि निघाले. हातखंबा, पाली, लांजा... कशी चालवली गाडी मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी रडत नव्हते. मी शिव्या घालत होते. अमेयला, त्या रेघेला, समोरच्या डंपरला, आणि हो, दादालासुद्धा.

मनीषाची आई तशीच बसली होती, पुढे वाकून, उशीवर गाल टेकून. शेजारच्या काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बसवून ठेवलंय गो बाय तिला. मनीषान सांगितलान तसा. हलूक दिलं नाय." मशीन लावलं. हळूहळू ओठांचा निळा रंग गेला. म्हातारीने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "चाय घेतलीस का?"

ती आज आहे. मी परवाच मशीनची जाळी बदलून आले.

तिथून परत येताना पालीला गाडी बाजूला घेऊन मी अमेयला फोन केला. त्याने उचलला एकदाचा. मी विचारलं, साईटवर कुणी काय टाकलंय, कुलूप काढलंत का, मराठी पान कुठून आलं. तो म्हणाला कुणी काही केलेलं नाही, टीमने अजून ते तिकीट, म्हणजे माझी तक्रार, हातात घेतलेलंच नाही. मग मी घडलं ते सांगितलं, आणि तो... खूश झाला! "म्हणजे रँकिंग आलं की मॅडम! मी म्हटलं नव्हतं, वेळ लागतो? एक छान रिव्ह्यू द्याल का?"

मी अशा माणसाचं काय करू? त्याला म्हटलं, उद्या सकाळपर्यंत पासवर्ड दिला नाहीस तर मी पुण्याला येईन आणि तुमच्या ऑफिसच्या दारात ऑक्सिजनचं मशीन लावून बसेन. पासवर्ड तासाभरात आला.

नसरीनने सगळं तपासलं. ती माझ्याहून जास्त नास्तिक आहे, असं तिच्या सासूला वाटतं. तिने एकेक शक्यता काढली. म्हणाली, कुलूप असलं तरी कधी कधी गुगल नुसता पत्ता दाखवतं, पण आतला मजकूर दाखवत नाही. म्हणाली, हल्ली शोधलं की वर एआयचं उत्तर येतं, ते वाटेल ते जुळवून सांगतं. पेशंटला पुढे टेकून बसवा हे कुठेही लिहिलेलं सापडेल. ठीक. 'बसता करा'सुद्धा योगायोग म्हणू. पण लाल पट्टी? ते मशीन परत येऊन चार-पाच तासही झाले नव्हते. ते बिघडलंय हे मला माहीत नव्हतं, ज्याच्याकडून आलं त्याला माहीत नव्हतं. जगात कुणालाच माहीत नव्हतं.

मग तिने साईटवर कोण कधी आलं याची सर्व्हरची नोंद काढली. त्या दुपारी साईटवर एकच जण आलं होतं. मी. डबा धुऊन आल्यावर, कुलूप बघायला. ठाण्याहून कुणीही नाही. आणि असं कुठलं मराठी पान साईटवर कधी तयार झालं होतं किंवा कुणी काढून टाकलं होतं, असंही काही नाही.

मनीषा गावी आली तेव्हा मुद्दाम दुकानात आली. पेढे घेऊन. मी तिचा मोबाईलच मागून घेतला. तिच्या हिस्टरीत त्या दिवसाची ओळ होती. आमचा पत्ता आणि पुढे पानाचं नाव मराठीत, "घरी ऑक्सिजन लावताना". तिने त्यावर बोट ठेवलं. पान सापडत नाही असं आलं. "अहो, खरंच होतं ताई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, जणू मी तिला खोटं पाडतेय. "साधंच होतं. फोटोबिटो काही नव्हता. नुसतं लिहिलेलं."

बातमी पसरायची ती पसरली. आजूबाजूचे येऊन सांगायला लागले की तुझा भाऊच आला होता, त्याचं काहीतरी राहिलंय, नारळ दे, वाडीचा नैवेद्य दाखव. एकाने तर कुणा भगताचा नंबर दिला. मी सगळ्यांना वाटेला लावलं. मला त्यांचा राग नाही, ते त्यांच्या मायेने सांगतात. पण दादाच्या नावाने नारळ? तो हसून हसून मेला असता.

वहिनीला मात्र सांगावं लागलं. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा तिला बरं वाटेल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचा आवाज आला, असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "मी रोज उघडते गो ती वेबसाईट. रोज सकाळी. त्यांचा फोटो बघायला. चारही पानं वरपासून खालपर्यंत बघते. मला एक अक्षर दिसलं नाही. ठाण्याच्या बाईला सगळं लिहून दिलं आणि मला एक ओळ नाही?" मग तिने कुकर ओट्यावर आदळला. त्या दिवशी आम्ही जेवलो नाही.

आता कुलूप काढलंय. ती रेघ मी माझ्या हाताने खोडली, नसरीन शेजारी बसली होती. मराठी पानंही मीच लिहिली, दादा बोलायचा तशी, 'बसता करा'सकट. फोन येतात. विरारहून, घाटकोपरहून, गुहागरच्या पोरांचे पुण्याहून. सगळं जसं व्हायला हवं होतं तसं होतंय. आणि मी दर फोनला विचारते, कुठलं पान बघितलंत, वाचून दाखवा. ते वाचतात ते मीच लिहिलेलं असतं.

गेल्या आठवड्यात सचिन वॉकर परत द्यायला आला. आई चालायला लागली होती. मला बघून जरा ओशाळला, त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, बसा. तुम्हाला खरं कळायला हवं. त्याला त्या फाईलबद्दल सांगितलं, रेघेबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी बरोबर शोधत होतो."

"तुम्ही एकदम बरोबर शोधत होतात."

त्याने मान हलवली. मला वाटतं, तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मनीषाचीही हकीकत माझ्या तोंडून गेली. कुलूप असताना तिला पान दिसलं, ते लाल पट्टीचं मशीन, तिची आई वाचली... मला वाटलं त्याला आश्चर्य वाटेल. कदाचित मला ते अशा कुणाला तरी सांगायचं होतं, ज्याला त्या कुलुपाचा अर्थ कळेल.

तो उठला. वॉकर भिंतीला नीट टेकवून ठेवला. दारात थांबला.

"ताई," तो म्हणाला, "कुलुपाचं सांगितलंत ते चांगलं केलंत. हे दुसरं मला सांगायला नको होतं."

आणि गेला.

तुमच्यापैकी कुणी खाली लिहील की कॅशे, म्हणजे कुठेतरी साठवलेलं जुनं पान असेल, कुणी लिहील एआय, कुणी लिहील पुण्याई. लिहा. मी सगळं तपासून बसलेय. त्या दुपारी बंद दारातून एका बाईला ते पान कुणी दाखवलं, मला माहीत नाही. पण ज्या कुणाला ते दाखवता येत होतं, त्याला महिनाभर आधी, नालासोपाऱ्याच्या एका पोराने संगमेश्वर टाकलं, देवरूख टाकलं, मराठीत टाकलं, इंग्लिशमध्ये टाकलं, तेव्हा काय झालं होतं? हे मी विचारू तरी कुणाला?